वेशीवरची ओळख (लेखांक सहावा)

सामायिक पासवर्ड असलेल्या जाळ्यात कोण शिरले हे कधीच कळत नाही. शिरणाऱ्याला पासवर्ड ठाऊक होता, एवढेच कळते. केज किंवा गेवराईच्या एखाद्या झेरॉक्स सेंटरमध्ये राउटरवर चिकटवलेला पासवर्ड दुकानदार, त्याचा भाचा, परीक्षेचा अर्ज भरायला आलेली मुले आणि समोरचा चहावाला असे सगळेच वापरत असतात, आणि त्यांतील एकाला वगळायचे तर कुलूप बदलून बाकीच्या सर्वांना नवी किल्ली वाटावी लागते. या उणिवेची गंभीर बाजू महाराष्ट्राला २००८ मध्ये दिसली. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेतील साखळी स्फोटांच्या काही मिनिटे आधी धाडलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोहोचला. परंतु आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्या जोडणीला मिळालेला क्रमांक, घर दाखवू शकत होता, माणूस नव्हे, आणि त्या घरातील वायफाय परक्यालाही वापरता येण्याजोगे होते.

फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय देणाऱ्यांना वापरकर्त्याची ओळख नोंदवण्याच्या सूचना दिल्या. रेल्वे स्थानकावर मोबाइल क्रमांक टाकून ओटीपीची वाट पाहावी लागते, ती पद्धत याच धोरणात बसते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही परवान्याशिवाय ‘पब्लिक डेटा ऑफिस’ चालवू शकतो (जुन्या पिवळ्या पीसीओची आठवण या नावात मुद्दाम ठेवली असावी), आणि ग्राहकाची ओळख दुकानदार नव्हे, तर ग्राहकाच्या मोबाइलमधील ॲप पटवते. तथापि ओटीपीने तपासाला धागा मिळतो, संरक्षण मिळतेच असे नाही. कारण पासवर्ड नसलेल्या साध्या वायफायवर ओटीपी दिल्यानंतरही हवेतून जाणारी माहिती वायफायच्या पातळीवर उघडीच राहते.

संस्थांच्या जाळ्यांसाठी याहून कडक व्यवस्था आहे. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेले ८०२.१एक्स हे मानक समजून घेण्यास बीड शहरातील कोतवाली वेस किंवा राजुरी वेस डोळ्यांपुढे आणणे पुरेसे आहे. वेशीबाहेरचा पाहुणा म्हणजे लॅपटॉप वा मोबाइल. पहारेकरी म्हणजे वायफायचा ॲक्सेस पॉइंट किंवा, वायरीचे जाळे असेल तर, भिंतीतील सॉकेट ज्याला जोडलेले असते तो स्विच. आणि आत वही घेऊन बसलेला कारकून म्हणजे रेडियस सर्व्हर. ओळख पटेपर्यंत पहारेकरी ओळखीच्या निरोपांखेरीज काहीही आत सोडत नाही, उपकरणाला आयपी पत्तादेखील मिळत नाही. हे निरोप ईएपी नावाच्या पद्धतीने चालतात आणि पहारेकरी ते केवळ पोहोचवतो, त्याला ते वाचावे लागत नाहीत, त्यामुळे पासवर्ड त्याच्या हाती पडत नाही. कारकुनाने होकार दिला की वायफायवर त्या भेटीपुरती स्वतंत्र किल्ली तयार होते, आणि नोकरी सोडून गेलेल्याचे नाव वहीतून खोडले की बाकी कुणाची झोप मोडत नाही. वही आपल्याच गावची असावी असेही नाही: शैक्षणिक संस्थांच्या एज्युरोम या जागतिक व्यवस्थेत, जिचे भारतातील काम अर्नेट इंडिया पाहते, पाहुण्याच्या नावातील ‘@’ नंतरचा भाग पाहून विचारणा त्याच्या मूळ संस्थेच्या सर्व्हरकडे जाते.

मात्र पाहुण्यानेही वेस खरी आहे ना हे पाहायला हवे, आणि प्रत्यक्षात दुर्लक्ष होते ते नेमके येथेच. त्याच नावाचे खोटे वायफाय शेजारी उभे करणे अवघड नाही. म्हणून सर्व्हर आधी स्वतःचे सर्टिफिकेट, म्हणजे विश्वासू संस्थेने डिजिटल सही केलेला दाखला, पुढे करतो आणि मोबाइलने तो तपासायचा असतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘सीए सर्टिफिकेट’ या ओळीखाली ‘डू नॉट व्हॅलिडेट’ असा पर्याय अनेक वर्षे होता, आणि जोडणी लवकर व्हावी म्हणून तोच निवडला जाई. डिसेंबर २०२० पासून अँड्रॉइड ११ च्या सुधारित आवृत्तीत तो काढला गेला. त्याखालच्या ‘डोमेन’ या रकान्यात सर्व्हरचे नाव भरल्याशिवाय दाखला नेमका कुणाचा, हे ठरत नाही.

उरतात ती मुकी उपकरणे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेची कल्पना केली, तर डॉक्टर आणि विद्यार्थी पासवर्ड टाकू शकतील, पण जुना प्रिंटर किंवा तपासणीचे यंत्र काय टाकणार? अशा यंत्राला बहुधा त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे मागच्या स्टिकरवर दोन-दोनच्या गटांत छापलेल्या बारा अक्षर-अंकांवरून, आत घेतले जाते. स्टिकर कुणीही वाचू शकतो आणि लॅपटॉपला तोच पत्ता धारण करायला लावणे काही मिनिटांचे काम आहे. २०२४ मध्ये उघड झालेल्या ‘ब्लास्ट-रेडियस’ या दोषाने वाटेत बसलेल्याला सर्व्हरच्या नकाराचा होकार करता येत असे. ईएपी त्यातून सुटले, पण मॅक पत्त्याची तपासणी पुष्कळ ठिकाणी कचाट्यात सापडली. म्हणून प्रिंटरला वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच वायरींवर आखलेल्या स्वतंत्र कप्प्यात ठेवतात, जेथून त्याला छपाईच्या सर्व्हरपलीकडे कुठेही जाता येत नाही.