मनांतील मळलेली वाट

एका कागदावर हिरव्या शाईनें 'तांबडा' हा शब्द लिहा आणि आपल्या सोबत्यास शाईचा रंग विचारा. तो क्षणभर अडखळेल. कदाचित् 'तांबडा' असेंच म्हणून जाईल. असें कां व्हावें बरें?

१९३५ सालीं अमेरिकेंत जॉन रिड्ले स्ट्रूप यांनीं या जातीचे प्रयोग प्रसिद्ध केले. १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगण्यास कॉलेजच्या विद्यार्थ्यांस सरासरीनें सुमारें ६३ सेकंद लागले. तितक्याच विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगण्यास मात्र सुमारें ११० सेकंद लागले.

पुढें १९९० सालीं कोहेन, डनबार व मॅक्लेलंड या संशोधकांनीं संगणकावर या क्रियेची प्रतिकृति रचली. तींत दोन वाटा होत्या: एक शब्दवाचनाची, दुसरी रंग ओळखण्याची. वाचनाचा सराव पुष्कळ अधिक दिल्यामुळें ती वाट अधिक मळली. दोन्ही वाटांनीं भिन्न उत्तरें आलीं कीं निर्णयास विलंब लागे. तथापि अवधानाची योजना रंगाच्या वाटेस बळ देई आणि अखेर खरें उत्तर निघे. यंत्रगणितही माणसाप्रमाणेंच अडखळलें!

प्रतिकृति म्हणजे मन नव्हे, हें खरें. परंतु तिजपासून एक गोष्ट उमगते. असें अडखळणें हें मंदबुद्धीचें लक्षण नसून दृढ संवयीचें फळ आहे. ज्या बालकास वाचतांच येत नाहीं, तें या शब्दापाशीं मुळींच अडखळत नाहीं. म्हणून जुनी चूक सुधारतांना मूल थबकलें, तर पालकहो, त्यास रागें भरूं नका. त्या क्षणीं तें मळलेली वाट सोडून नवी वाट चालत असतें.