पहिलीच्या वर्गात मूल काय शिकते?

जून महिन्याच्या मध्यावर, शेतात पेरणीची लगबग सुरू असतानाच, जालना जिल्ह्यातील शाळांत पहिलीचे वर्ग भरू लागतात. सहा वर्षांचे मूल नवे दप्तर पाठीवर घेऊन प्रथमच शाळेच्या पटावर येते. आपल्या धर्मग्रामांतील अनेक पालकांची अशी समजूत असते की, पहिली म्हणजे बाराखडी आणि शंभरपर्यंतचे अंक. त्यातले काही राहून गेले तरी पुढे केव्हाही भरून काढता येते. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि लेकरांचे पहिलीचे वर्ष मधोमध तुटते. त्या वर्षात नेमके काय घडत असते हे कळले, तर त्या तुटण्याची किंमतही आपल्या लक्षात येईल.

आधी कान, मग अक्षर

मूल शाळेत येते ते घरची बोली घेऊन. ‘काहून’, ‘व्हय’, ‘लेकरू’ हे त्याचे शब्द असतात. पहिलीची चांगली शिक्षिका ही बोली खोडून काढत नाही. त्याच बोलीत मुलाला बोलते करते आणि हळूहळू पुस्तकातील मराठीकडे नेते. गाणी, गोष्टी, चित्रांवरील गप्पा यांत गेलेले पहिले काही आठवडे वाया गेलेले नसतात. ‘कमळ’, ‘कणीस’, ‘कप’ या शब्दांच्या आरंभी एकच आवाज आहे, हे कानाला उमगले की मगच ‘क’ या अक्षराला अर्थ येतो.

आता अक्षरे ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने घोकून घेण्याऐवजी थोडी थोडी शिकवली जातात. म, ग, र ही तीन अक्षरे आली की ‘मगर’ वाचता येते. काना आला की ‘मार’, ‘गार’, ‘राग’ वाचता येतात. मग वेलांटी, उकार, मात्रा यांची पाळी येते. हा प्रवास वर्षभराचा आहे. अक्षरओळख साधारणपणे पूर्वार्धात होते; स्वरचिन्हे पक्की होऊन शब्दांचे वाक्य बनते ते उत्तरार्धात.

हाताचीही तयारी व्हावी लागते. पेन्सिल धरण्याइतकी बळकटी बोटांत येण्यासाठी रेषा, गोल, वळणे गिरवणे आवश्यक असते. घरी शेंगा फोडणे, ज्वारीतील खडे वेचणे, कापसातून सरकी काढणे ही कामे हौसेने करणारे मूल बोटांचा उत्तम व्यायाम करीत असते. त्याउलट, पहिल्याच महिन्यात पानेच्या पाने लिहून घेतल्यास बोटे दुखतात आणि लिहिण्याची धास्ती बसते.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत जून २००० पासून पहिलीलाही इंग्रजी आहे. या वयात ते ऐकण्याबोलण्यापुरते, गाण्यांतून आणि सोप्या सूचनांतून यावे एवढीच अपेक्षा असते.

तेवीस आणि बत्तीस

गणिताची सुरुवात अंक लिहिण्याने होत नाही. चिंचोके, खडे, मोसंबीच्या फोडी अशा वस्तू हाताळून ‘पाच’ म्हणजे किती, हे मूल आधी अनुभवते. पुढे मराठीतील संख्यानामांची खास अडचण येते. आपण ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी येतो. म्हणून मूल २३ ऐवजी ३२ लिहिते. ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी, हे न उमगल्याने ते ३९ लिहिते. ही बुद्धीची कमतरता नव्हे. दहा काड्यांची जुडी व सुट्या काड्या वापरून दशक आणि एकक पुन्हा पुन्हा दाखवावे लागतात, तेव्हा ही गाठ सुटते. त्यासाठी मूल रोज वर्गात असावे लागते.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात पहिलीअखेरची अपेक्षा स्पष्ट केली आहे : चार-पाच सोप्या शब्दांचे वाक्य वाचता यावे, ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि सोपी बेरीज-वजाबाकी करता यावी.

पुस्तकाबाहेरचे शिक्षण

आईपासून काही तास दूर राहणे, आपले नाव न लाजता सांगणे, तहान लागली किंवा लघवीला जायचे असले तर बाईंना सांगणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरल्यावरही खेळात टिकून राहणे, हे सारे मूल याच वर्षी शिकते. दुपारच्या शालेय पोषण आहाराच्या पंगतीत गावातील सर्व घरांची मुले मांडीला मांडी लावून जेवतात. समतेचा हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतक्या सहजतेने येत नाही.

वर्ष तुटते तेव्हा

दिवाळीच्या सुमारास अक्षरे ओळखीची झालेली असतात, परंतु वाचन अजून जमलेले नसते. नेमक्या याच वेळी मुकादमाची गाडी गावात येते. ऊसतोडीत पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल आधीच घेतलेली असते. त्यामुळे दोघांपैकी एकाने मागे राहणे सहसा शक्य होत नाही. मूल फडावर जाते, कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते, तोवर अर्धवट रुजलेले पुष्कळसे विसरलेले असते. पहिलीत कोणाला नापास करीत नाहीत, म्हणून कागदोपत्री ते दुसरीत जाते. दुसरीचे पुस्तक मात्र त्याला वाचता येते असे गृहीत धरून लिहिलेले असते. येथून मूल मागच्या बाकावर सरकू लागते आणि पुढे ‘याला शिक्षणात गोडी नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो.

शाळेने मुलाच्या जगण्याशी जुळवून घ्यावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा भरल्या. साखर कारखान्यांच्या परिसरातील साखरशाळांमागेही हाच विचार होता. त्याही पूर्वी, १५९७ मध्ये संत जोसेफ कलासान्स यांनी रोममध्ये गरिबांच्या मुलांसाठी विनामूल्य शाळा उघडली होती.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट म्हणजे, शक्य असल्यास मुलाला आजी-आजोबांजवळ गावीच ठेवावे. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते. त्यासाठी स्थलांतरापूर्वीच शाळा व्यवस्थापन समितीकडे नाव नोंदवावे.

दुसरी गोष्ट, मूल सोबत न्यावेच लागले तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे आणि फडाजवळच्या शाळेत ते दाखवावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, दाखला आणलेला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

तिसरी गोष्ट, फडावरही रोज थोडा वेळ मुलासाठी काढावा. उसाच्या मोळ्या मोजाव्यात, ट्रॅक्टरवरील अक्षरे वाचावीत, मातीत बोटाने शब्द लिहावेत, रात्री एखादी गोष्ट सांगावी. त्यासाठी आईवडील शिकलेलेच असावेत असे नाही.

धर्मग्रामाचीही जबाबदारी आहे. दसऱ्यापूर्वी कोणत्या घरातील पहिली-दुसरीचे मूल बाहेर जाणार आहे, याची यादी करता येईल. मागे राहिलेल्या मुलांना चर्चच्या आवारात संध्याकाळी अर्धा तास वाचून दाखवणे आपल्या युवकांना कठीण नाही. उन्हाळ्यात परतलेल्या मुलांसाठी धर्मशिक्षणाच्या वर्गाला जोडूनच वाचनाचा वर्गही घेता येईल.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक असल्याचे सांगितले आणि त्यांना साहाय्य करणे हे समाजाचे व ख्रिस्तसभेचे कर्तव्य मानले. प्रभू येशूने बालकांना अडवणाऱ्या शिष्यांना थांबवले आणि त्या बालकांना जवळ घेतले. आपल्या जिल्ह्यातील लेकरांची वाट शिष्यांनी नव्हे, तर गरिबीने अडवली आहे. यंदा दसरा येण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने अशा एकेका मुलाचे नाव घेऊन त्याच्या पहिलीच्या वर्षाचा विचार करावा, ही नम्र विनंती.