सायकलीवरचा लांब पल्ला : सुरुवात कशी करावी?

सायकल गावाला नवी नाही. दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, गिरणीचे दळण आणि शाळेला जाणारी पोरे, हे सारे तिने वर्षानुवर्षे वाहिले. मग दारात मोटारसायकल आली आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली. नांगरट ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने, मळ्यापर्यंतची फेरीही बटण दाबून. कष्ट हलके झाले, हे चांगलेच झाले. पण अंगाची हालचालही कमी झाली, आणि ‘शहरातली’ म्हणून ओळखली जाणारी साखर व रक्तदाबाची दुखणी वाडीवस्तीवर येऊन बसली.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्ला असा, की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. सायकलीवर हा हिशेब सहज बसतो. अंगाचा भार गादीवर राहत असल्याने गुडघ्यांना पळण्याइतका मार बसत नाही. चाळिशी-पन्नाशीच्या माणसालाही सुरुवात करता येते.

वेग नको, लय हवी

लांब पल्ला म्हटले की शर्यत डोळ्यांपुढे येते. पण पॅरिसच्या एका जुन्या सायकल क्लबच्या नियमांनी जगभर लांब पल्ल्याच्या ज्या फेऱ्या होतात, त्यांत पहिला-दुसरा नंबरच नसतो. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, चहापाण्याचा वेळ त्यातच धरून. ताशी वेग काढला तर तो १५ किलोमीटरही भरत नाही! अशा फेऱ्या पुणे, नाशिक, नागपूर येथे होत असतात. तेव्हा लांब जाणे हे जोराचे काम नाही. बैठक नीट असावी, पाय एका लयीत फिरावेत आणि सराव हळूहळू वाढावा, इतकेच त्याचे मर्म आहे.

घरची सायकल आधी

पहिल्याच दिवशी महागडी सायकल घेऊ नये. घरात असेल ती दुकानात नेऊन ऑइलिंग करून घ्यावी. चाकाला आऊट असेल तर काढून घ्यावे, झिजलेले ब्रेकचे रबर आणि भेगाळलेले टायर बदलावेत. जुनी काळी सायकल साधारण २० किलो भरते, रस्त्यावर पळवायची हलकी सायकल ८ ते ११ किलो. फरक मोठा आहे, पण पहिले तीन महिने शरीर घडते ते दोन्हींवर सारखेच. गोडी टिकली तर पुढे नवी घ्यावी. तेव्हाही अगदी बारीक टायरचा मोह नको. आपल्या रस्त्यांना ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर बरे. नव्या सायकलींच्या काही व्हॉल्व्हला नेहमीचा पंप बसत नाही, त्याची जोडणी दुकानातूनच मागून घ्यावी.

सीटची उंची : पाच मिनिटांचे काम

गुडघेदुखीचे मूळ पुष्कळदा सीटच्या उंचीत असते. भिंतीला धरून सायकलवर बसावे. पायडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. ही योग्य उंची. चालवताना गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्याच्या मागे ताण आला किंवा कंबर डावी-उजवीकडे डुलू लागली तर ती वर आहे. एकदम बोटभर न हलवता थोडी थोडी बदलावी. अशा उंचीवर थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हणून थांबताना सीटवरून पुढे उतरण्याची सवय आधी अंगणातच करावी.

पायाची गणती

नवखा माणूस जड गिअरवर जोर लावतो आणि पाच किलोमीटरांत मांड्या भरून येतात. त्यापेक्षा पाय हलके आणि भराभर फिरवावेत. उजवा पाय पंधरा सेकंदांत किती वेळा खाली जातो ते मोजावे. पंधरा-सोळा वेळा गेला तर सुरुवातीला पुरे. पुढे वीसपर्यंत न्यावे. गिअर असतील तर चढ लागण्याआधीच हलका गिअर टाकावा. चढावर जोर लावून बदलला तर चेन कुरकुरते आणि निसटतेही. बिनगिअरची सायकल असेल तर मोठ्या चढाला खुशाल उतरून चालावे. त्यात कमीपणा नाही.

तीन महिन्यांचा बेत

पहिला महिना : एक दिवसाआड ८ किलोमीटर. तिसऱ्या आठवड्यापासून १२.

दुसरा महिना : आठवड्यात दोन फेऱ्या १२ ते १५ किलोमीटरच्या, आणि एक लांब फेरी २० ची, हळूहळू ३० पर्यंत.

तिसरा महिना : लांब फेरी दर आठवड्याला चार-पाच किलोमीटरने वाढवावी. महिनाअखेर ४५ किलोमीटर जमावेत.

चालवताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग जास्त झाला असे समजावे. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे दमून परतताना वारा पाठीशी असतो. सुगीत आठवडा चुकला तर पुन्हा थोडे मागे येऊन सुरुवात करावी.

जीव सांभाळून

पायी चालणाऱ्याने समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजवीकडून चालावे, सायकलवाल्याने मात्र नेहमी डावीकडूनच जावे. अगदी कडेच्या खडीत घुसू नये, डांबराच्या आत हातभर जागा धरावी. हेल्मेट घालावेच. कारखान्याचा हंगाम सुरू असताना अंधारात रस्त्यावर जाऊ नये. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढे उभी ठाकते, रस्त्यावर पाचट पडलेले असते. उजाडल्यावर निघावे. अंधार गाठलाच तर पुढे पांढरा व मागे लाल दिवा हवा. ब्रेक दोन्ही एकदम दाबावेत. वाळूवर पुढचा जोरात दाबला तर चाक घसरते. रेल्वेचे रूळ ओले असताना काटकोनात ओलांडावेत. ओढणी, पदर, पायजम्याची कड चेनमध्ये जाणार नाही असे बांधून घ्यावे.

बाभळीचा काटा आणि सराटा कुणाला चुकलेला नाही. म्हणून जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप आणि पान्हा जवळ ठेवावा. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधावा, नाहीतर नवी ट्यूबही जाते. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेले असते.

उन्हाळ्यात तासाला निदान अर्धा लिटर पाणी घोटघोट प्यावे. तासापेक्षा जास्त जायचे तर केळे किंवा शेंगदाण्याचा लाडू खिशात असावा. साखरेचे औषध किंवा इन्शुलिन चालू असेल, हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि चिमूटभर नव्हे, मूठभर साखर जवळ ठेवावी. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच उतरावे आणि दवाखाना गाठावा.

२०१८ साली पुण्याची वेदांगी कुलकर्णी विसाव्या वर्षी सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आली. ते सर्वांना साधायचे नाही. पण तालुक्याचे गाव वीस किलोमीटरवर असेल तर तीन महिन्यांनी बाजारच्या दिवशी तिथे सायकलने जाऊन परत येणे कोणाही धडधाकट बाईमाणसाला जमेल. त्यासाठी आज एवढेच करावे : भिंतीला टेकलेली सायकल बाहेर काढावी, धूळ पुसावी आणि चाकात हवा भरावी.