आलेख कागदावरचा व्हिडिओ गेम

व्हिडिओ गेमचा विषय शिक्षकखोलीत निघाला की तो बहुधा तक्रारीच्या सुरातच निघतो. मुले तासन् तास मोबाइलमध्ये डोके घालून बसतात, गृहपाठ राहतो, झोप कमी होते. ही काळजी खोटी नाही. पण याच मुलांना एक प्रश्न विचारून पाहा : पडद्यावरचा चेंडू भिंतीवर आपटला की परत फिरतो, तो कसा? पडद्यात भिंतही नाही आणि चेंडूही नाही. रोज खेळणाऱ्या मुलालाही याचे उत्तर सहसा सांगता येत नाही. हे उत्तर आठवी-नववीच्या गणितात आहे आणि ते शोधण्यासाठी संगणकाचीही गरज नाही. या लेखात आपण आधी या खेळांचा थोडा इतिहास पाहू आणि मग वर्गात करता येईल असा एक उपक्रम.

प्रयोगशाळेतला टेनिस

अमेरिकेतील ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळा दरवर्षी लोकांना पाहण्यासाठी खुली केली जात असे. नुसती मांडून ठेवलेली उपकरणे पाहून पाहुणे कंटाळतात, हे विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. प्रयोगशाळेत एक छोटा अ‍ॅनालॉग संगणक होता. हा संगणक आकड्यांऐवजी विद्युतदाबाच्या चढउतारांवर चाले. क्षेपणास्त्राचा किंवा उसळणाऱ्या चेंडूचा मार्ग त्यावर कसा काढावा, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले होते. हिगिनबॉथम यांनी हा संगणक ऑसिलोस्कोपला जोडला आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये पाच इंची गोल पडद्यावर दोघांनी खेळायचा टेनिस तयार झाला. एक बटण दाबून चेंडू मारायचा, एक खुंटी फिरवून त्याची दिशा ठरवायची. पाहुण्यांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी पडदा मोठा झाला आणि चंद्रावरच्या व गुरू ग्रहावरच्या गुरुत्वाकर्षणात टेनिस कसा होईल, तेही खेळून पाहता येऊ लागले. खेळ तोच, बदलला फक्त एक आकडा.

१९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ तयार केला. यात दोन अवकाशयाने एकमेकांवर मारा करतात. एका मित्राने पार्श्वभूमीला आकाशातले खरे तारे आणले, दुसऱ्याने मध्यभागी यानांना खेचणारा सूर्य बसवला. ही आज्ञावली पीडीपी-१ असलेल्या इतर प्रयोगशाळांतही पसरली आणि लोक तिच्यात भर घालत गेले.

१९७२ मध्ये आलेल्या अटारी कंपनीच्या ‘पाँग’ने हा प्रकार दुकानांत आणि करमणूक केंद्रांत नेला. गंमत म्हणजे पाँगमध्ये आज्ञावली मुळी नव्हतीच. अ‍ॅलन अल्कॉर्न या अभियंत्याने सगळे नियम तारा आणि चिप जोडून, परिपथातच बसवले होते. त्याने बॅटचे आठ भाग कल्पिले. चेंडू मधल्या भागावर लागला तर सरळ परततो, कडेच्या भागावर लागला तर तिरका जातो. एवढ्या एका नियमाने खेळात कौशल्य आले.

जपानमधील तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (१९७८) परग्रहावरचे ५५ शत्रू खाली उतरत येतात. संगणक एका वेळी एकच आकृती हलवत असे. सगळे ५५ शत्रू असताना प्रत्येकाची पाळी उशिरा येई. शत्रू मरत गेले की उरलेल्यांची पाळी लवकर येई, म्हणजेच त्यांचा वेग वाढे. यंत्राच्या मर्यादेतून आलेली ही गोष्ट निशिकादो यांनी तशीच ठेवली. खेळ शेवटी शेवटी थरारक होतो तो यामुळेच.

या सर्व खेळांत एक गोष्ट समान आहे. चेंडू किंवा यान कुठे आहे, क्षणभरानंतर कुठे असेल, याचे काही मोजके नियम असतात आणि ते पुन:पुन्हा लावले जातात. आता हेच काम आपण हाताने करू.

वर्गातला उपक्रम

आलेख कागदावर २० चौकोन लांब आणि १२ चौकोन उंच असे मैदान आखा. डाव्या-खालच्या कोपऱ्याला (०, ०) म्हणा. चेंडू (२, ५) या बिंदूवर आहे. त्याचा आडवा वेग २ आणि उभा वेग १ आहे. नियम असे :

१. नवा क्ष = जुना क्ष + आडवा वेग; नवा य = जुना य + उभा वेग.
२. उजवी किंवा डावी भिंत लागली तर आडव्या वेगाचे चिन्ह बदला.
३. वरची किंवा खालची भिंत लागली तर उभ्या वेगाचे चिन्ह बदला.
४. पुन्हा नियम १ कडे जा.

चेंडू (४, ६), (६, ७) असा जात सातव्या पायरीला (१६, १२) वर पोचतो. वरची भिंत लागली, म्हणून उभा वेग –१ होतो. पुढे (१८, ११), मग (२०, १०). आता उजवी भिंत लागली, आडवा वेग –२ होतो. त्यानंतर (१८, ९), (१६, ८). हे बिंदू जोडून कोनमापकाने कोन मोजायला सांगा. चेंडू ज्या कोनात आला त्याच कोनात परतला, असे दिसेल. परावर्तनाचा नियम आपण कुठेही लिहिला नव्हता. केवळ चिन्ह बदलल्याने तो आपोआप पाळला गेला. ‘ऋण संख्या कशाला लागतात?’ या जुन्या प्रश्नाचे हे एक चांगले उत्तर आहे.

आता आडवा वेग ४ करा. क्ष होतो २, ६, १०, १४, १८ आणि मग एकदम २२. चेंडू भिंतीच्या पलीकडे गेला! ‘क्ष २० झाला तर चिन्ह बदला’ असे ज्या गटाने लिहिले असेल, त्यांचा चेंडू कधीच परत येणार नाही. ‘क्ष २० किंवा त्याहून जास्त झाला तर’ असे लिहिणाऱ्यांचा परत येईल. ही चूक आधी सांगू नका, मुलांनाच सापडू द्या. संगणक आपल्या मनातले ओळखत नाही, लिहिलेले तेवढेच करतो, हा धडा त्यातून मिळतो.

पुढची पायरी गुरुत्वाकर्षणाची. चेंडू (०, ०) वर ठेवा. आडवा वेग २, उभा वेग ४ घ्या आणि प्रत्येक पायरीनंतर उभ्या वेगातून १ वजा करा. उंची येते ०, ४, ७, ९, १०, १०, ९, ७, ४, ०. हा झाला अन्वस्त, म्हणजेच हिगिनबॉथम यांच्या टेनिसमधल्या चेंडूचा मार्ग. चंद्रावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. मग १ ऐवजी किती वजा करायचे आणि कागद किती मोठा लागेल, ते मुलांना काढू द्या.

यानंतर संगणकाकडे जावे. मॅसॅच्युसेट्सच्याच त्या संस्थेत तयार झालेली ‘स्क्रॅच’ ही भाषा २००७ पासून विनामूल्य मिळते. तीत आज्ञांचे रंगीत तुकडे एकमेकांना जोडायचे असतात. तिच्या पडद्यावर क्ष –२४० ते २४० आणि य –१८० ते १८० असतो, त्यामुळे कागदावरचे नियम जवळजवळ तसेच वापरता येतात.

कागदापासून सुरुवात करा असे आम्ही म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे. चाळीस मुलांत एकच संगणक असला की माउस एखाद्याच धीट मुलाच्या हातात राहतो आणि बाकीचे, विशेषतः मुली, मागे उभ्या राहून पाहतात. पेन्सिल आणि आलेख कागद मात्र प्रत्येकाच्या हातात असतो. नियम आधी वहीत लिहून झालेला असला, की संगणकासमोर बसायला कोणी बिचकत नाही.

जाता जाता वर्गासाठी एक कोडे. आडवा वेग २ आणि उभा वेग १ ठेवून चेंडू (२, ३) पासून सोडला तर तो थेट (२०, १२) या कोपऱ्यात जातो. पुढे तो कुठे जाईल? मुलांनी आधी अंदाज सांगावा, मग नियम लावून पाहावेत.