रियाज आणि रियाजी

गवई रोज पहाटे उठून गाण्याचा सराव करतो. त्या सरावाला आपण 'रियाज' म्हणतो. तुमच्या दप्तरात गणिताचे जे पुस्तक आहे, त्या विषयाला उर्दूत 'रियाजी' म्हणतात. हे दोन्ही शब्द अरबी भाषेतील एकाच धातूपासून आले आहेत. त्याचा अर्थ आहे सराव करणे, स्वतःला वळण लावणे. मग संगीत आणि गणित यांचे नाते फक्त शब्दांचे आहे की त्याहून जास्त? गाणे शिकणाऱ्या मुलाला गणित चांगले येते, असे पुष्कळ लोक म्हणतात. ते खरे आहे का? चला, पाहू या.

प्रथम ताल घेऊ. तबल्यावर वाजणाऱ्या तीनतालात १६ मात्रा असतात. मात्रा म्हणजे ताल मोजण्याचे माप. या १६ मात्रांचे चार-चारचे ४ भाग केलेले असतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी देतात. नवव्या मात्रेवर टाळी न देता हात बाजूला नेतात. तिला 'खाली' म्हणतात. पहिली मात्रा सर्वांत महत्त्वाची. तिला 'सम' म्हणतात. १६ मात्रा झाल्या की एक आवर्तन पूर्ण होते आणि पुन्हा सम येते.

आता गंमत पाहा. तबलजी कधी कधी एकच बोल तीन वेळा वाजवतो आणि शेवटचा ठोका बरोबर समेवर आणतो. याला 'तिहाई' म्हणतात. समजा, बोल ५ मात्रांचा आहे आणि मध्ये एकेक मात्रा विश्रांती आहे. मग हिशोब असा होतो : ५ + १ + ५ + १ + ५ = १७. आवर्तनात मात्रा तर १६ आहेत. म्हणजे सतरावी मात्रा ही पुढच्या आवर्तनाची सम झाली. समेपासून सुरू केलेली तिहाई समेवरच संपली. बोल ३ मात्रांचा असेल, तर बेरीज ११ होते. मग तिहाई सातव्या मात्रेपासून सुरू करावी लागते. तबलजीजवळ कागद नसतो, पेन्सिल नसते. हा हिशोब तो वाजवता वाजवता करतो. उस्ताद अल्लारखाँ (१९१९-२०००) आणि त्यांचे पुत्र उस्ताद झाकिर हुसेन (१९५१-२०२४) यांचा तबला जगभर गाजला, त्यात लयीच्या अशा हिशोबावरील त्यांच्या पकडीचाही वाटा होता.

तुम्ही लसावि शिकला आहात. झपताल १० मात्रांचा आणि रूपक ताल ७ मात्रांचा असतो. दोघांनी हे दोन ताल एकाच वेळी, एकाच गतीने सुरू केले, तर दोन्ही तालांची सम पुन्हा एकत्र केव्हा येईल? १० आणि ७ यांचा लसावि ७० आहे. म्हणून ७० मात्रांनंतर येईल. तोपर्यंत झपतालाची ७ आणि रूपकाची १० आवर्तने झालेली असतील.

तालात बेरीज आणि लसावि आहे, तर सुरात अपूर्णांक आहेत. समजा, एका ताणलेल्या तारेची लांबी ६० सेंटिमीटर आहे आणि ती छेडली की 'सा' वाजतो. तीच तार मधोमध दाबून ३० सेंटिमीटर भाग छेडला, तर वरचा 'सा' मिळतो. ४० सेंटिमीटर, म्हणजे दोन तृतीयांश भाग छेडला, तर 'प' मिळतो. ४५ सेंटिमीटर, म्हणजे तीन चतुर्थांश भाग छेडला, तर 'म' मिळतो. सांगली जिल्ह्यातील मिरज हे गाव सतार आणि तंबोरे यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर सतारीचे पडदे कानाने ऐकून जुळवतात. पण मोजपट्टी लावली, तर जवळपास हेच अपूर्णांक सापडतात.

ग्रीक विद्वान पायथागोरस याच्या अनुयायांना ही प्रमाणे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी माहीत होती. पुढे दहाव्या शतकात अल-फाराबी या विद्वानाने संगीतावर मोठा अरबी ग्रंथ लिहिला. इब्न सीना याने आपल्या 'किताबुश्शिफा' या ग्रंथात अंकगणित, भूमिती आणि खगोलशास्त्र यांच्याबरोबर संगीताला गणिताच्या विभागात स्थान दिले. तेव्हा संगीतात गणित आहे, यात शंका नाही.

पण आपला प्रश्न वेगळा आहे. संगीतामुळे गणित येते का?

१९९३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक प्रयोग झाला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्ट या संगीतकाराची रचना १० मिनिटे ऐकवली. त्यानंतर त्यांना घडी घातलेला आणि कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा प्रकारचे प्रश्न दिले. त्यांचे गुण थोडे वाढले. हा परिणाम १०-१५ मिनिटेच टिकला. प्रयोगात लहान मुले नव्हती आणि गणिताची परीक्षाही नव्हती. तरीही 'संगीत ऐका, हुशार व्हा' अशी हाकाटी झाली. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर प्रत्येक नवजात बाळाला संगीताची ध्वनिमुद्रिका देण्याची योजना मांडली! पुढे इतर शास्त्रज्ञांनी तपासणी केली. आवडती गोष्ट ऐकली तरी तसाच परिणाम दिसतो, असे त्यांना आढळले. मन प्रसन्न आणि जागे असले की काम थोडे चांगले होते, एवढाच त्याचा अर्थ.

नुसते ऐकण्याऐवजी संगीत शिकले तर? २००४ मध्ये कॅनडातील १४४ सहा वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभर संगीत शिकलेल्या मुलांच्या बुद्धिमापन चाचणीचे गुण इतरांपेक्षा थोडे अधिक वाढले. पण एका अभ्यासावर विसंबून चालत नाही. २०२० मध्ये दोन संशोधकांनी असे ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत सुमारे ७ हजार मुले होती. जे अभ्यास अधिक काटेकोर होते, त्यांत संगीत शिकल्यामुळे गणितात किंवा इतर विषयांत फायदा झाल्याचे दिसले नाही.

मग संगीत शिकणारी मुले वर्गात पुढे का दिसतात? पावसाळ्यात छत्र्या वाढतात आणि बेडूकही वाढतात. पण छत्र्यांमुळे बेडूक येतात, असे कोणी म्हणत नाही. दोन्हींचे कारण पाऊस आहे. तसेच येथे आहे. ज्या घरात संगीताच्या वर्गाची फी भरता येते, त्या घरात पुस्तके, शिकवणी आणि अभ्यासाला शांत जागाही बहुधा असते. नियमित सरावाची सवय असलेले मूल संगीतातही टिकते आणि गणितातही.

मित्रांनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. तुमच्या घरी पेटी नाही, तबला नाही, म्हणून तुमचे गणित कच्चे राहील असे मुळीच नाही. आपल्याला गाता येत नाही, म्हणजे हिशोबही जमणार नाही, असे समजू नका. गणित येते ते गणिते सोडवल्याने. मात्र संगीताच्या मदतीने गणितच शिकवले, तर त्याचा उपयोग होऊ शकतो. कॅलिफोर्नियातील एका शाळेत तिसरीच्या मुलांना टाळ्या आणि स्वरांच्या लांबीवरून अपूर्णांक शिकवले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या मुलांना अपूर्णांक अधिक चांगले समजल्याचे आढळले.

आणि संगीत? ते गणिताचे गुण वाढवण्यासाठी शिकायचे नसते. ते आनंदासाठी शिकावे. पण ते शिका किंवा गणित शिका, एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. तबलजीचा हात एका दिवसात तयार होत नाही आणि लसाविही एका दिवसात पक्का होत नाही. रोज थोडे बसावे लागते, चुकले तर पुन्हा करावे लागते. रियाजशिवाय रियाजी नाही.

स्वाध्याय

१. 'रियाज' आणि 'रियाजी' या शब्दांत कोणते नाते आहे?
२. १९९३ च्या प्रयोगावरून 'संगीताने गणित सुधारते' असे का म्हणता येत नाही?
३. छत्र्या आणि बेडूक यांच्या उदाहरणातून लेखकाला काय सांगायचे आहे?
४. करून पाहा : तीनतालात ४ मात्रांचा बोल मध्ये एकेक मात्रा विश्रांती देऊन तीनदा वाजवायचा आहे. शेवट समेवर येण्यासाठी कोणत्या मात्रेपासून सुरुवात कराल? उत्तर काढा आणि टाळ्या देऊन तपासा.