आष्टीहून कोकणात निघताना

आष्टीहून समुद्र लांब. वर्ध्याहून रेल्वेने मुंबईच साडेसातशे किलोमीटर, कोकण त्याच्याही पुढे. त्यामुळे आपल्याकडे समुद्राची सहल ठरते ती आरक्षण कधीचं मिळतं त्यावर. मला वाटतं, तारीख पक्की करण्याआधी समुद्रातल्या एका इवल्या जिवाचं वेळापत्रकही पाहायला हवं.

त्याचं नाव नॉक्टिल्युका. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूला आणि देवगडला रात्री लाटा निळ्या उजळल्या, त्या याच्यामुळे. हा जीव एकाच पेशीचा, तरीही नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा: मोहरीच्या दाण्याहून लहान, पारदर्शक फुगा आणि त्याला बारीकशी शेपटी. लाट फुटते, फुग्याला धक्का बसतो, त्याच्या आवरणातून विजेचा संदेश धावतो. आतल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये आम्ल शिरतं आणि दोन रसायनं एकमेकांना भेटून ठिणगी पडते. सेकंदाचा दहावा भागही ती टिकत नाही. पण अशा असंख्य पेशी एका लाटेत असल्या की अख्खी लाट उजळते. वाळूवर पाय टाकला तरी पावलाभोवती निळं चमकतं.

अरबी समुद्रात हिवाळ्यात पसरणारा नॉक्टिल्युका तर हिरवा असतो. त्याच्या पोटात हजारो हिरव्या सूक्ष्म वनस्पती जिवंत पोहत असतात आणि उन्हावर अन्न तयार करून त्याला पुरवतात. शिवाय तो बाहेरचंही खातो. घरची शेती आणि बाजारहाट, दोन्ही एकाच पेशीत!

याचा संबंध थेट हिमालयाशी आहे, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेले जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेतून अनेक वर्षं हा शोध घेत आहेत. हिवाळ्यात हिमालय-तिबेटकडून येणारा गार, कोरडा वारा अरबी समुद्राचं वरचं पाणी थंड करतो. थंड पाणी जड होऊन खाली जातं आणि खालचं पोषक पाणी वर येतं. त्यावर डायटम नावाची शैवालं वाढतात, आणि माशांची अन्नसाखळी त्यांच्यावर उभी असते. डोंगरावरचा बर्फ घटला की वारा उबदार आणि दमट होतो, ही घुसळण मंदावते, डायटमची उपासमार होते. घरची शेती असलेला नॉक्टिल्युका मात्र तग धरतो आणि जागा बळकावतो. त्याला खाणारे मुख्यतः जेलीफिश आणि सॅल्प, म्हणजे माणसाच्या ताटात फारसं काही येत नाही. तो स्वतः विष बनवत नाही, पण अंगात अमोनिया साठवतो, आणि मेल्यावर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतो. म्हणून ही रोषणाई वाळूवरूनच पाहावी.

ती पाहायची तर अंधार हवा. दिवाळीची अमावास्या अनेकदा हंगामाच्या जरा आधीच येते. कार्तिकातली किंवा मार्गशीर्षातली अमावास्या धरावी. दिसेलच असं नाही. निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेचं संकेतस्थळ बघा. उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या रंगावरून शैवाल कुठे फोफावलंय, हे ती संस्था कळवते.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून बरीच कुटुंबं मे महिन्यात जातात. तेव्हा शांत, तापलेल्या पाण्यावर भुशासारखे तपकिरी पट्टे दिसू शकतात. ते ट्रायकोडेस्मियम. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात, तेच काम हे भर समुद्रात करतं. बघायला अप्रतिम, पण पाणी रंगीत आणि वास मारणारं असेल तर मुलांना त्यात उतरवू नका.

खरी भीती मात्र ताटातली आहे. काही सूक्ष्म शैवालं विष बनवतात. तिसऱ्या, कालवं, शिनाणे दिवसभर पाणी गाळून खातात, तेव्हा ते विष त्यांच्या अंगात साठतं. शिंपला ताजा दिसतो, चव बदलत नाही, आणि कितीही शिजवलं तरी विष जात नाही. केरळात विळिंजमला १९९७ मध्ये असे शिंपले खाऊन सात माणसं दगावली. पाण्याचा रंग बदललेला असेल त्या दिवसांत पहाटे बंदरावर कोळ्यांना विचारा आणि शिंपल्यांचं कालवण टाळा. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत ओठांना, जिभेला मुंग्या आल्या, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. या विषावर उतारा नाही. पण यंत्राने श्वास चालू ठेवता आला, तर बहुतेकदा शरीर एक-दोन दिवसांत ते स्वतःच बाहेर टाकतं.