उसातील कांद्याची घरगुती वाळवण



पूर्वहंगामी उसात आपल्यापैकी बरेच जण कांद्याचे आंतरपीक घेतात. भाव पडला की पोती पडवीत तशीच राहतात आणि मृगाच्या दमट हवेत सडू लागतात. निदान घरापुरता तरी कांदा वाळवून ठेवावा. विजेवरच्या घरगुती ड्रायरमध्ये ढगाळ दिवसांतही हे काम होते. जाळीचे ट्रे, तापणारी कॉइल आणि पंखा, एवढेच काय ते यंत्र!

कांदा सोलून ३ ते ५ मिलिमीटर जाडीच्या सारख्या चकत्या कराव्यात, ट्रेवर एकच थर पसरावा आणि तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअस ठेवावे. लवकर उरकावे म्हणून आम्ही पहिल्या खेपेस काटा ७५ वर नेला. चकत्या वरून कडक झाल्या, ओल आतच अडकली आणि पंधरा दिवसांत बरणीत बुरशी! सगळा माल उकिरड्यावर गेला. ओल बाहेर नेण्याचे काम वाऱ्याचे आहे. नुसती आच वाढवून ते होत नाही.

चकती कटकन मोडली म्हणजे वाळली. वाकली तर परत ट्रेवर. कांद्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणीच, त्यामुळे १० किलोचे किलो-सव्वा किलो उरते. गार होताच घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरावे, कारण वाळला कांदा हवेतली ओल फार ओढतो. आठवडाभर रोज बरणी हलवून पाहावी. काचेला आतून दव दिसले तर लगेच पुन्हा वाळवावे.

विकण्यासाठी वाळवायचा विचार असेल तर वीजबिलाचा हिशेब आधी मांडा. घरगुती ड्रायरवर तो जुळणे कठीण, असे आमचे मत आहे.